परत आलेलं पार्सल पुन्हा पाठवताना: कोकणातल्या घरगुती विक्रेत्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पार्सल परत आलं की बहुतेक जण जुन्या पत्त्यावर नवा कागद चिकटवतात आणि त्याच दिवशी पोस्टात नेऊन टाकतात. आठ-दहा दिवसांनी तेच खोकं पुन्हा दारात येतं. या खेपेला कोपरे चेपलेले, आतली आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली पाझरलेली. भाडं दोनदा गेलं, माल गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत कोकम, काजू, आंबापोळी, कुळीथ पीठ, मसाला घरून विकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. परत आलेलं पार्सल आधी का आलं ते शोधायचं, मग माल तपासायचा, मग गिऱ्हाइकाशी बोलायचं, आणि त्यानंतरच खोक्याला हात घालायचा. हा क्रम उलटा केला की नुकसान ठरलेलं.

## आधीची तयारी

पहिल्यांदा पार्सल पाठवतानाच चार गोष्टी जपून ठेवा: बुकिंगची पावती, बंद केलेल्या खोक्याचा फोटो, वजन, आणि गिऱ्हाइकाने स्वतः लिहून पाठवलेला पत्ता. फोनवर ऐकून तुम्ही उतरवून घेतलेला पत्ता कामाचा नाही. तक्रार करायची वेळ आली की याच गोष्टी मागितल्या जातात.

घरात एक वजनकाटा, मोजपट्टी, दोन इंची रुंद टेप, बॉलपेन आणि तीन-चार मापांची कोरी खोकी असू द्या. जेल पेनाने लिहिलेला पत्ता आपल्याकडच्या पावसात खोकं रत्नागिरी सोडायच्या आत पसरतो.

## टप्पा १: पार्सल वाटेतच अडवता येतं का ते पाहा

परत येऊ घातलेलं पार्सल परत येऊच न देणं हे सगळ्यात स्वस्त. म्हणून पाठवल्यापासून पोचेपर्यंत रोज एकदा ट्रॅकिंग बघा. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा खुणांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मधे नऊ अंक, शेवटी आयएन.

‘दार बंद होतं’ असा शेरा दिसला म्हणजे पार्सल लगेच उलटं फिरलं असं नाही. ते साधारण आठवडाभर तिथल्या पोस्टात पडून असतं. त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करा, ट्रॅकिंग क्रमांक पाठवा, आणि ओळखपत्र घेऊन पोस्टातून पार्सल सोडवून घ्यायला सांगा. कुरियरवाले बहुधा दोन-तीन खेपा मारतात. पहिली खेप फुकट गेली की लगेच त्यांच्या कार्यालयाला कळवून पुन्हा खेप मागा. तिसरी खेप झाल्यावर केलेल्या फोनचा फारसा उपयोग होत नाही.

तपासा: ट्रॅकिंगवर ‘पाठवणाऱ्याकडे परत’ असं आलं का? आलं असेल तर आता मधे अडवायची धडपड सोडा. पार्सल हातात येईपर्यंत दुसरं पाठवू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

## टप्पा २: परत आलेलं खोकं ताब्यात घेताना

इथे फार लोक घाई करतात. पोस्टमन दारात उभा असतो, आपण सही करतो, खोकं पडवीत ठेवतो आणि चार दिवसांनी उघडतो. मग आत काही फुटलेलं निघालं तर ते जाताना फुटलं, येताना फुटलं की आपल्याच पडवीत, हे कोणालाच सांगता येत नाही.

सही करण्याआधी खोकं सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. तळ आवर्जून बघा. आगळ पाझरलं असेल तर तळाच्या पुठ्ठ्यावर काळपट लाल डाग दिसतो आणि तिथे बोट दाबलं की पुठ्ठा आत जातो. टेप कापून पुन्हा लावल्यासारखी वाटली, किंवा खोकं हलकं लागलं, तर पोस्टातच नेऊन कर्मचाऱ्यासमोर वजन करून मागा आणि पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहा.

मग न उघडता सहा बाजूंचे फोटो काढा. परतीचा शेरा लिहिलेली चिठ्ठी किंवा शिक्का स्वच्छ दिसेल असा एक फोटो वेगळा घ्या. ती चिठ्ठी फाडून टाकू नका, पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

## टप्पा ३: शेरा वाचा आणि खरं कारण शोधा

शेरा हा तपासाचा आरंभ आहे. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण तो वाचल्याशिवाय पुढेही जाऊ नका.

पत्ता अपुरा. यात निम्म्या वेळा पिन कोड चुकलेला असतो किंवा पूर्व-पश्चिम लिहायचं राहिलेलं असतं. डोंबिवली पूर्वेचा पिन ४२१२०१ आणि पश्चिमेचा ४२१२०२. कल्याण पश्चिमेचा ४२१३०१, पूर्वेचा ४२१३०६. एक आकडा चुकला की पार्सल रुळांच्या पलीकडच्या पोस्टात जातं, आणि तिथल्या पोस्टमनला तुमची ‘साई कृपा’ सोसायटी सापडत नाही. ‘साई कृपा’ तर प्रत्येक उपनगरात दहा असतात.

दार बंद. कोकणातून मुंबई-ठाण्याला माल पाठवणाऱ्यांनी हा शेरा नीट समजून घ्यायला हवा. आपलं गिऱ्हाईक बहुतांशी चाकरमानी आहे. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात तो आपल्याच गावात आलेला असतो. त्याच्या नालासोपाऱ्याच्या खोलीला कुलूप असतं आणि आपलं पार्सल तिथे दार ठोठावत असतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईकडे पार्सल पाठवताना ‘तुम्ही गावी कधी निघताय?’ हा एक प्रश्न विचारला तर परतीची कितीतरी पार्सलं वाचतील.

घेण्यास नकार. हा शेरा असेल तर पुन्हा पाठवायचा विचार जवळजवळ सोडून द्या. अनेकदा घरातल्या दुसऱ्या माणसाला मागवलेलं माहीत नसतं आणि तो नको म्हणतो, म्हणून एकदा फोन जरूर करा. पण पैसे दारात द्यायच्या अटीवर पाठवलेलं पार्सल नाकारलं गेलं असेल, तर दुसऱ्यांदा त्याच अटीवर पाठवू नका. आगाऊ पैसे आले तरच पाठवा.

या पत्त्यावर राहत नाही. भाड्याची जागा बदललेली असते. फोन नंबर तोच असतो, त्यामुळे आपल्याला पत्ता नेहमीचाच वाटतो.

कधी शेरा एक आणि घडलेलं दुसरंच असतं. गिऱ्हाईक दिवसभर घरी होतं आणि शेरा मात्र ‘दार बंद’. अशा वेळी आधी तक्रार नोंदवा, मगच पुढचं बघा. पोस्टाची तक्रार पावतीच्या क्रमांकासह पोस्टात लेखी देता येते, किंवा त्यांच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. कुरियर कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सावधान: कारण कळलेलं नसताना ‘बघू या, या वेळी पोचेल’ म्हणून पाठवलेलं पार्सल त्याच कारणाने परत येतं.

## टप्पा ४: माल तपासा, आणि कठोरपणे

खोकं उघडा. जाण्या-येण्यात आणि पडून राहण्यात दोन-तीन आठवडे गेलेले असतात. गोदामात उकाडा, ट्रकमध्ये उकाडा, आणि पावसाळ्यात दमट हवा. घरात ठेवलेला माल टिकला म्हणून हाही टिकला असेल असं धरून चालू नका.

कोकम आगळ आणि सरबत: बाटली उजेडात धरा. फुगलेली, तळ बाहेर आलेली, किंवा झाकण सैल करताच फस्‌ आवाज करणारी बाटली आंबलेली आहे. ती पुन्हा पाठवायची नाही. चांगली दिसणारी बाटली पुसून, झाकण घट्ट करून वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवा. सकाळी कागदावर लाल टिकली जरी दिसली तरी ती बाटली बाजूला काढा.

आंबापोळी, फणसपोळी: पिशवी न उघडता दोन्ही बाजूंनी बघा. कडेला पांढुरके किंवा हिरवट ठिपके असले तर ती बुरशी आहे. साखर वर आली की पांढरेपणा सगळीकडे सारखा दिसतो, बुरशी ठिपक्यांनी येते. खात्री नसेल तर पाठवू नका.

काजू: एक पाकीट फोडून एक गर चावा. मऊ पडला असेल किंवा खवट लागला तर सगळा घाणा संशयास्पद समजा. फोडलेलं पाकीट घरात वापरा.

आमसुलं, मसाला, कुळीथ पीठ यांत ओल शिरल्याची खूण म्हणजे गोळे. पिठात जाळी दिसली की विषय संपला. खोबऱ्याचे लाडू आणि घरचं खाजं मी कधीच पुन्हा पाठवायला सांगत नाही, कारण खवटपणा वरून दिसत नाही आणि खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतो.

हापूसबद्दल वेगळं सांगायला हवं. काढलेला तयार आंबा पेंढ्यात साधारण आठ ते दहा दिवसांत पिकतो. जायला तीन दिवस, तिकडे पडून चार, यायला तीन: हे गणित मांडलं की परत आलेल्या पेटीत काय असणार ते न उघडता कळतं. आंब्याची पेटी पुन्हा पाठवायची नसतेच. तिच्यासाठी टप्पा १ हाच सगळा उपाय आहे. बुकिंग करतानाच मुंबईतला दुसरा एक पत्ता घेऊन ठेवा, बहिणीचा, मेहुण्याचा, शेजाऱ्याचा. पहिल्या घरी कुलूप निघालं तर कुरियरच्या कार्यालयातून पेटी उचलायला तोच माणूस जाईल. ओल्या काजूगरांचं आणि करवंदांचंही तसंच.

सावधान: पॅकिंगची तारीख बदलू नका, जुन्या तारखेवर नवा स्टिकर लावू नका. लेबलवरची ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख नव्या प्रवासानंतरही किमान महिनाभर लांब असायला हवी. ती जवळ आली असेल तर नवा माल भरा. तसंच गिऱ्हाइकाने उघडलेलं पाकीट दुसऱ्या कोणालाही पाठवायचं नाही, ते कितीही नीट बंद केलेलं दिसो.

## टप्पा ५: गिऱ्हाइकाशी बोला, पत्ता नव्याने घ्या

पुष्कळ जण गिऱ्हाइकाला जुना पत्ता पाठवून विचारतात, ‘हा बरोबर आहे ना?’ समोरचा माणूस लोकलमध्ये उभा असतो, न वाचताच ‘हो’ म्हणतो. म्हणून जुना पत्ता दाखवूच नका. नव्याने टाइप करून मागा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे पार्सल अडलेलं असतं.

निरोप असा पाठवता येईल:

‘नमस्कार ताई. तुमचं पार्सल पत्ता अपुरा असा शेरा येऊन परत आलं आहे. माल तपासला. काजू आणि आमसुलं चांगली आहेत, आगळ नवीन भरून देते. कृपया पूर्ण पत्ता पुन्हा लिहून पाठवा: खोली नंबर, मजला, इमारत, रस्ता, जवळची खूण, पूर्व की पश्चिम, पिन कोड. पुढचे आठ दिवस घरी कोणी असेल ना? नसेल तर शेजारच्यांचं नाव आणि मोबाइल नंबर द्या. पाठवायचा खर्च अमुक रुपये येईल. तुमचं उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी पाठवते.’

खर्च कोणी सोसायचा हे याच निरोपात स्पष्ट असू द्या. पत्ता त्यांनी चुकीचा दिला असेल तर भाडं त्यांचं. लिहिताना आपल्याकडून चुकलं असेल तर आपलं, आणि तिथे घासाघीस करू नये. पोचवणाऱ्याची चूक असेल तर माझं मत असं की पहिल्यांदा भाडं आपण घ्यावं आणि भरपाईसाठी तक्रार चालू ठेवावी. कुरियरने परतीचं भाडंही लावलं असेल तर ते हिशेबात धरायला विसरू नका.

तपासा: लेखी पत्ता आला? मोबाइल नंबर दहा आकडी आहे? पिन सहा आकडी आहे आणि त्या भागाचाच आहे? पैसे जमा झाले? चारही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे चला.

## टप्पा ६: नवं खोकं, नवं पॅकिंग

जुनं खोकं वापरू नका. एकदा प्रवास करून आलेल्या पुठ्ठ्याचे कोपरे मऊ झालेले असतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या हवेत तर तो ओल पिऊन बसलेला असतो. वरून तो ठीक दिसतो, पण दुसरं पार्सल वर ठेवलं की बसतो.

जुनं खोकं टाळण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्याच्यावर जुना बारकोड असतो. छाननी केंद्रात तो वाचला गेला तर यंत्राच्या हिशेबी हे परत पाठवायचं पार्सल ठरतं. नव्या कागदाची कड थोडी उचलली गेली तरी खालचा बारकोड उघडा पडतो. नाइलाजाने जुनंच खोकं वापरायचं असेल तर जुना बारकोड, जुना पत्ता आणि परतीचा शिक्का पूर्ण खरवडून काढा किंवा काळ्या मार्करने आडवा-उभा खोडा.

खोक्याचं माप बघून निवडा. बहुतेक कुरियर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि हे उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्यावर भाडं लावतात. ४० × ३० × २५ सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ६ किलो, आत माल साडेतीनच किलो असला तरी. तोच माल ३० × २५ × २० च्या खोक्यात बसला तर हिशेब ३ किलोचा येतो आणि भाडं साडेतीन किलोचंच लागतं. पुन्हा पाठवताना काही वस्तू कमी झालेल्या असतात, मग पहिल्याच मापाचं खोकं कशाला?

बाटल्यांसाठी क्रम असा:

१. झाकणाभोवती टेपचे दोन वेढे द्या.
२. बाटली जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा.
३. भोवती बबल रॅप किंवा वर्तमानपत्राचे चार-पाच थर गुंडाळा.
४. बाटल्या उभ्या ठेवा आणि मधे पुठ्ठ्याची आडकाठी घाला. काच काचेला लागता कामा नये.
५. सगळ्या बाजूंनी दोन बोटं जागा सोडून कागदाचे बोळे दाबून भरा. पाझरलंच तर हा कागद शोषून घेईल.

पेंढा आंब्याच्या पेटीत चालतो, कोरड्या मालाच्या खोक्यात नको. तो ओल धरतो आणि पावसाळ्यात त्यालाच बुरशी येते.

आगळ आणि काजू एकाच खोक्यात घालायचे असतील तर काजूची पाकिटं वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून वरच्या बाजूला ठेवा. शक्य असेल तर दोन पार्सलं करा. आणि पातळ पदार्थ आहे हे बुकिंगच्या वेळी लपवू नका. काही कुरियर तो घेतच नाहीत, लपवून दिलेलं पार्सल वाटेत अडकतं आणि पुन्हा परतीच्या रस्त्याला लागतं. सुक्या मासळीचंही तेच: वासावरून पार्सल बाजूला काढलं जातं. सुकट-बोंबील ओळखीच्या खासगी बसने पाठवणंच बरं, तिकडे उतरवून घेणारा माणूस ठरवून.

तपासा: खोकं बंद करून कानाशी धरून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडून कागद भरा.

## टप्पा ७: पत्ता लिहा, बुकिंग करा

पत्ता एकाच बाजूला लिहा. घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल ठळक, पिन कोड सगळ्यात मोठा. महाराष्ट्राबाहेर पाठवताना पत्ता इंग्रजीतही लिहा. पाठवणाऱ्याचा पत्ता लहान अक्षरांत आणि ‘प्रेषक’ असं स्पष्ट लिहून, म्हणजे दोन पत्त्यांत गोंधळ होणार नाही. पत्त्यावर पारदर्शक टेप चालते, पण बारकोडवर चकचकीत टेप मारू नका. याच पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका. बाहेरचा कागद निघून गेला तर तीच कामाला येते.

नवं बुकिंग म्हणजे नवी पावती आणि नवा क्रमांक. जुन्या पावतीवर पार्सल पुढे जात नाही, पोस्टात त्यासाठी हुज्जत घालून उपयोग नाही. माल महागाचा असेल तर या खेपेला विमा उतरवा.

दिवस निवडताना दोन गोष्टी बघा. आपल्या पोस्टातून डाक किती वाजता निघते ते विचारून घ्या. दुपारच्या गाडीनंतर दिलेलं पार्सल उद्यापर्यंत तिथेच राहतं. शनिवारी दिलेलं रविवारभर बसून राहतं, म्हणून सोमवार ते बुधवार चांगले. पावसाळ्यात आंबा, करूळ किंवा आंबोली घाटात दरड आल्याची बातमी असेल तर कोल्हापूर-पुण्याकडचं पार्सल दोन दिवस थांबवा. घरात कोरड्या जागी ठेवलेलं खोकं ट्रकमध्ये अडकलेल्या खोक्यापेक्षा सुरक्षित असतं.

## टप्पा ८: पोचेपर्यंत पाठपुरावा

पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला त्याच दिवशी पाठवा आणि जुना ट्रॅकिंग क्रमांक रद्द समजायला सांगा. नाहीतर ती माणसं जुनाच क्रमांक टाकून बघतात, ‘परत गेलं’ असं वाचतात आणि पैसे परत मागतात.

पार्सल त्यांच्या गावच्या पोस्टात पोचल्याचं दिसलं की आणखी एक फोन करा: ‘काका, आज-उद्या पार्सल येईल, फोन जवळ ठेवा.’ अनोळखी नंबर न उचलण्याची सवय आता सगळ्यांना लागली आहे, आणि पोचवणाऱ्याचा नंबर अनोळखीच असतो. कुरियरचा ओटीपी येणार असेल तर तो फक्त पार्सल हातात घेताना सांगायचा, फोनवर कोणी मागितला तर द्यायचा नाही, हेही सांगून ठेवा.

दुसऱ्यांदाही पार्सल परत आलं तर तिसऱ्यांदा पाठवू नका. मालाचे पैसे तुमच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे परत करा, किंवा गावी आल्यावर घेऊन जायला सांगा. आपल्याकडे ही सोय आहेच: गणपतीला नाहीतर मे महिन्यात ती माणसं येणारच असतात. तोवर माल तसाच ठेवायचा नाही. तो विकून टाका, वहीत त्यांच्या नावापुढे देणं लिहून ठेवा आणि ती आली की ताजा माल भरून द्या.